मैत्रिणीजवळची ठेव

गेल्या हिवाळ्यात पुण्यातील एका महिला मंडळाने मला व्याख्यानासाठी बोलावले होते. निवृत्तीनंतर माझ्या वाट्याला जो विषय नेहमी येतो, तोच याही वेळी होता: स्त्रियांनी आपल्या नावावरील ठेवी कशा सांभाळाव्यात, नामनिर्देशन का करावे, मृत्युपत्र केव्हा लिहावे. व्याख्यान झाले, प्रश्नोत्तरे झाली, अल्पोपाहारही झाला. खुर्च्या उचलण्यास आरंभ झाला तरी एक बाई दाराशी थांबून राहिल्या होत्या. वय पन्नाशीच्या आसपास. गर्दी पांगल्यावर त्या जवळ आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, बँक बुडाली तर ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत विम्याचे पैसे मिळतात, असं तुम्ही सांगितलंत. मैत्रिणीजवळ ठेवलेलं बुडालं तर काय मिळतं?"

मला वाटले, हातउसने दिलेल्या पैशांचा विषय असावा. तो आपल्या घरांतून नवा नाही. मी विचारले, "काही लिहून घेतलं होतं का?"

"पैसे नव्हते ते," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितले ते असे. (त्यांच्या अनुमतीने लिहीत आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) एकाच इमारतीत समोरासमोर राहणाऱ्या दोघी मैत्रिणी, सहवास तीस वर्षांचा. दोन्ही घरांतून वाट्या इकडून तिकडे जात. पालिताण्याची यात्रा दोघींनी बरोबर केली. या बाईंच्या मुलीला लहानपणी दोन वेळा फिट आली होती. त्या रात्री रुग्णालयात त्यांच्याजवळ बसून राहिली ती हीच मैत्रीण. पुढे औषधे बंद झाली, मुलगी शिकली, सी.ए. झाली, चांगल्या घरी तिचा विवाह ठरला. साखरपुडा दहा दिवसांवर आला असता वराकडे एक फोन गेला. त्या मंडळींनी सभ्यपणे चौकशी केली आणि त्याहून सभ्यपणे पत्रिका जुळत नसल्याचे कळविले. त्याच घरी मैत्रिणीच्याही मुलीचे दाखवणे झाले होते आणि नकार आला होता, ही गोष्ट या बाईंना मागाहून समजली. जाब विचारला तेव्हा मैत्रीण म्हणाली, "मी सगळ्यांच्या भल्यासाठीच सांगितलं. उद्या लपवलं म्हणाले असते तर?"

मी सांत्वनाचे चार शब्द बोलले आणि रिक्षात बसले. घर येईपर्यंत एकच विचार मनात घोळत होता. या बाईंनी आपला प्रश्न चुकीच्या व्यक्तीला विचारला होता. त्यांच्या गोष्टीत ज्या दोन बाजू होत्या, त्यांतील दुसरी बाजू माझी होती.

ते सांगण्यापूर्वी बँकेविषयी थोडे लिहिले पाहिजे. १९८१ साली मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत लिपिक म्हणून रुजू झाले. पहिल्या दिवशी हजेरीपटावर सही करण्याच्या आधी एका छापील कागदावर सही घेतली गेली. ते निष्ठा व गुप्ततेचे प्रतिज्ञापत्र होते. बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा जो १९७० चा कायदा आहे, त्याच्या तेराव्या कलमान्वये संचालकापासून लिपिकापर्यंत प्रत्येकाला ते करावे लागते. ग्राहकाचे व्यवहार बाहेर सांगणार नाही, एवढाच त्याचा आशय. पुढे सी.ए.आय.आय.बी.च्या परीक्षेसाठी या गुप्ततेमागील मूळ खटला अभ्यासावा लागला. टुर्निये नावाच्या एका इंग्रज गृहस्थाच्या खात्यावर काही पौंडांची उचल बाकी होती. त्याचा पत्ता मिळविण्यासाठी शाखाधिकाऱ्याने तो जिथे नोकरीस होता तिथे फोन केला, आणि बोलता बोलता त्याची बाकी व तो जुगारी लोकांना पैसे देत असावा हा आपला संशय, दोन्ही सांगून टाकले. त्याची नोकरी पुढे चालू राहिली नाही. १९२४ च्या निकालसंग्रहात छापला गेलेला हा निकाल आजही बँकांत शिकवितात. ग्राहकाची माहिती केवळ चार कारणांनी बाहेर जाऊ शकते, असे त्यात ठरले: कायद्याची सक्ती, सार्वजनिक कर्तव्य, बँकेचे स्वतःचे हित आणि ग्राहकाची संमती.

ही चार कारणे मी अनेकदा मनात घोळविली आहेत, कारण मैत्रिणीचे गुपित फोडणारी प्रत्येक स्त्री त्यांतील दुसऱ्याचाच आधार घेते. ती कधी 'मला राहवले नाही' असे म्हणत नाही. 'त्यांना कळणे आवश्यक होते' असेच म्हणते. कधी कधी ते खरेही असू शकेल. विवाहात आजार लपवू नये, हे मलाही मान्य आहे. परंतु ज्या स्त्रीला खरोखर ते कर्तव्य वाटते, ती प्रथम आपल्या मैत्रिणीकडे जाते आणि म्हणते, "तू सांग, नाहीतर मला सांगावे लागेल." परस्पर फोन करणारीला कर्तव्याची आठवण बहुधा स्वतःच्या मुलीला नकार आल्यानंतर झालेली असते.

ते असो. मी मात्र छत्तीस वर्षे ते प्रतिज्ञापत्र पाळले. माझ्या सासूबाईंना गावातील प्रत्येक पेढीविषयी कुतूहल असे. भाजी निवडता निवडता त्या हळूच विचारीत, अमक्यांची मोठी ठेव आहे म्हणे तुमच्याकडे? मी म्हणे, "आठवत नाही." बायको बँकेत असून घराला काही उपयोग नाही, अशी यजमान थट्टा करीत. मला त्या थट्टेचा अभिमान वाटे. आणि याच काळात, १९९३ च्या अक्षय तृतीयेला, मी माझ्या सर्वांत जवळच्या मैत्रिणीने माझ्याजवळ ठेवलेली गोष्ट बारा-पंधरा बायकांसमोर एका वाक्यात खर्च करून टाकली.

आम्ही तिघी होतो. शाळेत बाईंनी हजेरीसाठी नाव घेतले तरी आपसात आम्ही एकमेकींना घरच्या धंद्यावरून हाक मारीत असू: कापडवाली, भुसारवाली आणि मी वहीवाली, कारण माझे वडील एका आडत दुकानात मुनीम होते. त्या दोघींच्या घरी गादी होती. आमच्या घरी त्या गादीच्या वह्या येत. हा फरक तेव्हा मला जाणवत नव्हता असे म्हणणे खोटे होईल. परंतु त्याची भरपाई करणारी एक गोष्ट माझ्याजवळ होती. गणितात मी पहिली येई आणि कापडवाली जेमतेम उत्तीर्ण होई. तिची त्रैराशिके मी सोडवून देत असे. मला ती फार आवडे. आज विचार करता वाटते, तिला माझी गरज पडत होती, यात त्या आवडण्याचा मोठा वाटा होता.

तिचे लग्न बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षात असताना गावातल्याच एका कापडाच्या पेढीत झाले. मी एम.कॉम. झाले, बँकेत लागले, लग्नानंतरही गावातच राहिले. दर गुरुवारी, बाजार बंद असे त्या दिवशी, संध्याकाळी ती माझ्याकडे येई. १९९२ च्या पावसाळ्यातील एका गुरुवारी ती चहाचा कप हातात धरून बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "चाळीस तोळे गहाण टाकलंय गं. सासूबाईंना माहीत नाही." पेढीला माल पुरविणाऱ्यांची देणी थकली होती. दीर वेगळे झाले होते आणि जाताना भांडवल घेऊन गेले होते. तिने आपले स्त्रीधन यजमानांच्या हाती दिले आणि त्यांनी ते दुसऱ्या गावच्या एका पतपेढीत तारण ठेवले. माझ्या बँकेत ते आणले नाही, कारण आमच्या शाखेत सारे गाव येई. मी तिचा हात हाती घेतला. माझ्या डोळ्यांत पाणी आले ते खरे होते. त्या पाण्याच्या तळाशी आणखीही काही होते. ते मी त्या वेळी पाहिले नाही.

ती रडत बसणारी नव्हती. दिवाळीच्या आधी तिने घरातच साड्यांची विक्री सुरू केली. सुरतेहून गठ्ठे मागवायचे, दुपारी बायकांना बोलवायचे, पैसे हप्त्याहप्त्याने घ्यायचे. हिशेब मात्र जमेना, म्हणून वही माझ्याकडे आणली. चार-पाच महिन्यांच्या नोंदी मी एका रविवारी ओळीने लावून दिल्या आणि नफ्याचा आकडा काढला. तो माझ्या वर्षभराच्या वेतनाहून अधिक होता. मी बेरीज पुन्हा केली. त्याच महिन्यात लिपिक श्रेणीतून अधिकारी होण्याच्या परीक्षेत मी दुसऱ्यांदा राहिले होते. जिची त्रैराशिके मी सोडवून दिली, ती माझ्यापुढे गेली होती, आणि किती पुढे गेली ते माझ्याच हस्ताक्षरात लिहिलेले होते. तिने वहीबद्दल मला एक निळी पैठणी आणून दिली. ती मी कधी नेसले नाही.

मत्सर दूरच्या माणसाविषयी वाटत नाही. मुंबईच्या एखाद्या हिरे व्यापाऱ्याच्या पत्नीने कितीही दागिने घातले तरी आपल्याला झोप लागते. अब्राहम टेसर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने स्मिथ या सहकाऱ्याबरोबर १९८० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला, तो मी निवृत्तीनंतर वाचला. शब्द ओळखण्याचा खेळ होता आणि समोरच्याला सोपे सूचक शब्द द्यायचे की कठीण, हे देणाऱ्याच्या हाती होते. खेळ निव्वळ करमणुकीचा आहे असे सांगितले तेव्हा लोकांनी अनोळखी माणसापेक्षा मित्राला सोपे शब्द दिले. परंतु हा खेळ बुद्धीची परीक्षा पाहणारा आहे असे सांगताच चित्र पालटले. अनोळखी माणसाला सोपे आणि मित्राला कठीण शब्द दिले गेले. परका जिंकला तर चालते. ज्या गोष्टीत आपण स्वतःला मोजतो, त्या गोष्टीत मित्र जिंकलेला चालत नाही. हे वाचताना मला ती वही आठवली. दुःखात मी तिची खरी मैत्रीण होते. सुखात मी तशी राहिले नाही, आणि मैत्रीची परीक्षा संकटात होते असे ऐकत मोठे झालेल्या आम्हा बायकांना सुखातही तिची परीक्षा होत असते हे कोणी सांगितले नव्हते.

महाभारताच्या आदिपर्वात देवयानी आणि शर्मिष्ठा या दोन मैत्रिणींची कथा आहे. वि. स. खांडेकरांच्या 'ययाति'मुळे ती मराठी घरांतून पोहोचली आहे. भांडण कशावरून झाले, तर जलक्रीडेनंतर वाऱ्याने वस्त्रांची सरमिसळ झाली आणि एकीचे वस्त्र दुसरीने नेसले. परंतु मला त्या कथेत नेहमी थांबायला होते ते पुढच्या क्षणी. दोघी एकमेकींना काय म्हणतात? शर्मिष्ठा देवयानीच्या वडिलांना काढते. तुझा बाप माझ्या बापाची स्तुती गाऊन जगतो, अशा अर्थाचे बोलते. राजकन्येला गुरुकन्येचे नेमके कुठे दुखते ते ठाऊक होते, कारण त्या एकत्र वाढल्या होत्या. मग देवयानी विहिरीत ढकलली जाते, शर्मिष्ठा दासी होते, आणि पुढे ती दासी ययातीपासून गुप्तपणे पुत्रवती होते. देवयानीने विचारले तेव्हा शर्मिष्ठेने सांगितले की पुत्र एका ऋषींपासून झाला, आणि देवयानीने ते मानले. एवढे सारे घडून गेल्यावरही तिने मैत्रिणीच्या शब्दावर विश्वास ठेवला, ही गोष्ट कथा सांगताना बहुतेक जण गाळतात.

१९९३ च्या अक्षय तृतीयेला कापडवालीच्या सासूबाईंच्या वर्षीतपाचे पारणे होते. उसाच्या रसाचे कलश आले होते, मंडप पडला होता, प्रभावना म्हणून चांदीच्या लहान वाट्या वाटल्या गेल्या. त्या वाट्यांचे पैसे साडीविक्रीतून आले होते. तेही मला ठाऊक होते. ती सर्वांना वाकून वाढीत होती. माझ्या शेजारी बसलेल्या एक काकी म्हणाल्या, "पुण्यवान घर हो. सून आली आणि घर भरलं." माझ्या तोंडून निघून गेले, "भरलेलं दिसतं खरं. चाळीस तोळे कुठल्या तिजोरीत आहेत ते विचारा एकदा."

कोणी हसले नाही. कोणी काही विचारलेही नाही. काकींनी वाटी पदरात ठेवली. मी रसाचा पेला तोंडाला लावला, आणि मला आठवते, क्षणभर फार हलके वाटले.

आपल्या वाचकांना पेढीचे गणित समजावून सांगण्याची आवश्यकता नाही, तरीही पुढे जे घडले ते कळण्यासाठी सांगते. त्या काळी गावातील पेढीवर केवळ बँकेचे पैसे नसत. नात्यातील विधवा, निवृत्त मुनीम, मामे-आते भाऊ आपली शिल्लक पेढीवर व्याजाने ठेवीत. पावती नसे, वहीत एक ओळ असे. ते सारे पतीवर चाले. वैशाखात लग्नसराईचा माल उधारीवर भरलेला असतो. तो खेड्यांतून उधारीवरच विकला जातो. ज्येष्ठात शेतकरी पेरणीच्या मागे लागतो आणि जुनी बाकी सुगी झाल्याखेरीज देत नाही. म्हणजे कापडाचा व्यापारी जून महिन्यात सर्वांत अधिक अडकलेला असतो. पैसा बुडालेला नसतो, फडताळांत आणि खेड्यांत असतो. अशा वेळी ठेवीदार एकेक करून आले तर तो निभावून नेतो. एकदम आले तर सावकारालाही जमत नाही.

ते एकदम आले. घरच्या लक्ष्मीचे दागिने गहाण आहेत, ही वार्ता त्या बायकांकडून त्यांच्या घरी आणि तेथून दुकानांच्या गाद्यांवर गेली. जून संपण्यापूर्वी सतरा ठेवीदारांनी रक्कम मागितली. कोणीही कारण सांगितले नाही. कोणाच्या मुलाची फी होती, कोणाला घर बांधायचे होते. तिच्या यजमानांनी दुकानाचा दर्शनी गाळा विकला. घराचा वरचा मजला विकला. दिवाळीपर्यंत सर्वांचे पैसे व्याजासह परत केले. एकाचाही रुपया बुडविला नाही. गहाण सोने मात्र सुटले नाही, ते लिलावात गेले. १९९४ मध्ये ते कुटुंब पुण्यास आले आणि यजमानांनी एका घाऊक दुकानात नोकरी धरली. ज्या माणसाच्या गादीवर माझे वडील हात जोडून उभे राहत, तो माणूस साठाव्या वर्षापर्यंत दुसऱ्याच्या काउंटरवर उभा राहिला.

माझ्या वडिलांना 'तत्त्वार्थसूत्र' मुखोद्गत होते. त्यांच्या निधनानंतर त्यांची टीकेसह छापलेली प्रत माझ्याकडे आली. सातव्या अध्यायात सत्य अणुव्रताचे अतिचार सांगितले आहेत. खोटे दस्तऐवज करणे त्यांत येते, ते सहज समजण्यासारखे आहे. परंतु त्याच ओळीत न्यासापहार, म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव बुडविणे, आणि साकारमंत्रभेद, म्हणजे दुसऱ्याच्या मनातले उघड करणे, हे दोन शेजारी शेजारी आहेत. बँकेत आयुष्य गेलेल्या मला पहिल्यांदा आश्चर्य वाटले ते याचे की ठेव बुडविणे हे अचौर्यव्रताखाली नसून सत्यव्रताखाली आहे. पूज्यपाद आचार्यांनी 'सर्वार्थसिद्धी'त न्यासापहाराचे जे विवरण केले आहे, ते तर एखाद्या अनुभवी रोखपालाने करावे तसे आहे: ठेवणारा आकडा विसरला आणि कमी मागू लागला, तर ठेव घेणाऱ्याने 'होय, तेवढेच होते' असे म्हणणे. आणि साकारमंत्रभेदाविषयी ते सांगतात की चर्येवरून, भुवयांच्या हालचालीवरून दुसऱ्याच्या मनातले ओळखून मत्सरादी कारणांनी ते प्रकट करणे. मत्सराचा उल्लेख तिथे स्पष्ट आहे. मला तर भुवयांवरून काही ओळखावे लागले नव्हते. तिने स्वतःच्या तोंडाने, चहाचा कप हातात धरून, माझ्याजवळ ठेवले होते.

पुण्यास गेल्यावरही तिने संबंध तोडला नाही. संवत्सरीला तिचा फोन येई. ती "मिच्छामि दुक्कडं" म्हणे, मीही म्हणे. जाणतेपणी वा अजाणतेपणी काही दुखावले असेल तर, हे शब्द किती सोयीचे आहेत! बँकेत एक सस्पेन्स खाते असते. ज्या रकमेचे खरे शीर्षक कळत नाही ती तात्पुरती तिथे टाकतात. लेखापरीक्षक आला की प्रथम तेच खाते उघडतो आणि विचारतो, ही नोंद इतकी जुनी कशी? माझी नोंद चोवीस वर्षे तिथे पडून होती. दरवर्षी त्या दोन शब्दांनी मी तिच्यावर तारीख तेवढी नवी घालीत होते. क्षमेचा आपला परिपाठ मोठा आहे, यात शंका नाही. पण नाव आणि आकडा न घेता मागितलेल्या क्षमेने समोरच्याचे काही फिटत नाही, असे मला आता वाटते. जाणकारांनी मतभेद असल्यास जरूर कळवावा.

२०१७ साली मी निवृत्त झाले आणि त्याच वर्षी पर्युषणात, संवत्सरीच्या आदल्या दिवशी, तिच्या घरी गेले. दोन खोल्यांचे घर, स्वच्छ. यजमान दुपारचे झोपले होते. मी कागदावर लिहूनच नेले होते, कारण बोलताना मी आडवाट धरीन अशी मला भीती होती. अक्षय तृतीया, पारणे, काकी, ते वाक्य. मी वाचून दाखविले.

ती म्हणाली, "मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"त्याच महिन्यापासून. अगं, पावतीवर अडतीस तोळे होतं. ह्यांना अडतीस माहीत, पतपेढीला अडतीस माहीत. तुझ्याशी बोलताना मी चाळीस म्हणाले होते, तसंच तोंडात आलं म्हणून. पहिला ठेवीदार आला ना, तो ह्यांना म्हणाला, चाळीस तोळे गहाण आहे असं ऐकतो. तेव्हाच मला कळलं हे कुठून आलं."

मी विचारले, "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

तिने थोडा विचार केला. "तू येऊन सांगशील असं वाटायचं. पहिली पाच-सहा वर्षं वाटायचं. मग ह्यांची नोकरी, मुलांची लग्नं. मग वाटायचं बंद झालं." नंतर ती उठली आणि सूर्यास्ताला वेळ आहे तोवर काही घे म्हणाली. मी निळ्या पैठणीविषयीही सांगितले. ती हसली, "रंगच वाईट होता तो. खपत नव्हता म्हणून तुला दिला."

तिने क्षमा केली का, हे मी तिला विचारले नाही. ती फोन करते. मी गेले तर तिच्या नातवाच्या आवडीचा खाकरा आम्ही दोघी मिळून भाजतो. गुडघ्यांविषयी, लोणच्याच्या कैऱ्यांविषयी, भुसारवालीच्या सुनेविषयी आम्ही तासन्‌तास बोलतो. कोणी तिऱ्हाइताने पाहिले तर पन्नास वर्षांची मैत्री कशी असावी याचे उदाहरण म्हणून आमच्याकडे बोट दाखवील. मात्र या सर्व वर्षांत तिने मला अशी एकही गोष्ट सांगितलेली नाही, जी मी दुसऱ्या कोणाला सांगू शकेन. सुरुवातीस ते माझ्या ध्यानात आले नाही. एकदा तिच्याकडून घरी येताना, यजमानांनी "काय म्हणते तुझी मैत्रीण?" असे विचारले आणि मला उत्तर सुचेना, तेव्हा आले.

महिला मंडळातील त्या बाईंना मी पुढे फोन केला. मैत्रिणीजवळ ठेवलेले बुडाले तर काय मिळते, या त्यांच्या प्रश्नाला मी एवढेच सांगू शकले की बुडविणारीचेही खाते पुढे चालत नाही. त्यांना त्याने किती समाधान झाले, मला ठाऊक नाही. त्यांच्या मुलीचे अन्यत्र ठरले आहे आणि त्या घरी त्यांनी सारे काही आधीच सांगितले, हे त्यांनी आनंदाने कळविले. समोरच्या दाराशी वाट्यांची देवाणघेवाण मात्र बंद आहे.

हा लेख लिहिण्यापूर्वी मी कापडवालीला विचारणे भाग होते; एकदा न विचारता तिचे सांगितले, तेवढे पुरे. फोन केला. ती म्हणाली, "लिही. गावाचं नाव घालू नकोस. आणि अडतीस तोळे लिही हं, चाळीस नको." मी होय म्हटले. आणखी काय चालले आहे असे विचारले. "काही नाही, तेच आपलं," ती म्हणाली.

आदल्याच दिवशी तिच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली होती. हे मला गेल्या आठवड्यात भुसारवालीकडून कळले.